३० जानेवारीची मुदत आणि तुमच्या मुलीची नोकरी

सांगलीहून एका वडिलांनी विचारलंय: "मुलगी अमेरिकेत मेरीलँडमध्ये एका खासगी कंपनीत आहे, पण कंपनीचं काम सगळं तिथल्या केंद्र सरकारचं. एच-वन-बी व्हिसा आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सरकार बंद पडलं तेव्हा आमची झोप उडाली होती. आता ३० जानेवारी २०२६ ची नवी मुदत आहे म्हणतात. खरंच पुन्हा बंद पडेल, की हे दर वेळचं राजकारण्यांचं नाटक? तिच्या नोकरीचं काय? तिला विचारलं तर 'काही नाही हो बाबा' एवढंच म्हणते."

हे 'काही नाही हो' मला चांगलं माहीत आहे. २०१३ साली मी फोनवर माझ्या आईला हेच सांगत होते, आणि त्याच आठवड्यात माझ्या टेबलावर काम थांबवण्याच्या नोटिसांची चळत होती. मी २००४ पासून मेरीलँडमध्ये सरकारी कंत्राटं घेणाऱ्या कंपन्यांत हिशेबाच्या बाजूला काम करते. कुठल्या कंत्राटात सरकारने किती पैसे टाकलेत, ते किती दिवस पुरतील, बिल कधी निघेल, हे बघणं माझं काम. त्यामुळे २०१३, २०१८-१९ आणि परवाचं २०२५, तिन्ही मोठे शटडाऊन (खर्चाला मंजुरी नाही म्हणून सरकारी कार्यालयं बंद पडणं) मी टीव्हीवर कमी आणि एक्सेलच्या रकान्यांत जास्त पाहिलेत.

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. वॉशिंग्टनमध्ये बंद होईल का, हा एक. झालाच तर तुमच्या मुलीपर्यंत पोचेल का, हा दुसरा. बातम्या पहिल्याच्या मागे असतात. दुसऱ्याचं उत्तर बरंचसं आजच मिळू शकतं, आणि ते तिच्या कंत्राटाच्या कागदात आहे. पण झोप पहिल्याने उडाली आहे, म्हणून आधी तो घेते.

आपल्याकडे असं का होत नाही, ते बघितलं की निम्मा उलगडा होतो. भारतात अर्थसंकल्प वेळेत मंजूर होणार नसेल तर संसद लेखानुदान देते. राज्यघटनेच्या ११६व्या कलमात तशी सोय आहे. आणि सरकारला लोकसभेत खर्चाची मंजुरीच मिळाली नाही, तर सरकारच घरी जातं. तिजोरी बंद आणि मंत्री मात्र खुर्चीत, अशी अवस्था आपल्या पद्धतीत टिकूच शकत नाही. अमेरिकेत अध्यक्ष वेगळा निवडून येतो, संसदेची दोन्ही सभागृहं वेगळी निवडून येतात, आणि मुदत संपेपर्यंत कुणी कुणाला पाडू शकत नाही. म्हणजे भांडण कितीही विकोपाला गेलं तरी भांडणारे सगळे आपापल्या जागी पक्के. रस्त्यावर येतो तो कारकून.

आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. त्याआधी खर्चाची १२ विधेयकं मंजूर व्हायला हवीत. ही पद्धत १९७० च्या दशकात बसली, आणि तेव्हापासून सगळी विधेयकं वेळेत झाली ती फक्त ४ वर्षी. शेवटची १९९६ च्या शरदात. बाकी सगळी वर्षं तात्पुरत्या मुदतवाढीवर चालतात. इथे सगळे तिला 'सीआर' म्हणतात: मागच्या वर्षी जेवढं मिळत होतं तेवढंच अमुक तारखेपर्यंत घ्या, पुढचं पुढे. आपलं लेखानुदान समजा, फक्त सवयीचं झालेलं.

सीआर झाला नाही की कार्यालयं बंद, हेही काही अनादि काळापासूनचं नाही. मंजुरीशिवाय सरकारने खर्चाची बांधिलकी घ्यायची नाही, असा १८८४ पासूनचा कायदा आहे. पण १९८० पर्यंत मुदत उलटली तरी खाती दबकत दबकत चालू राहत. पैसे येतीलच, असं सगळे धरून चालत. १९८० च्या एप्रिलमध्ये कार्टर सरकारचे महान्यायवादी बेंजामिन सिव्हिलेटी यांनी मत दिलं की कायदा म्हणजे कायदा. पैसे नाहीत तर कुलूप लावा. लगेच १ मे १९८० ला फेडरल ट्रेड कमिशन, म्हणजे व्यापारातल्या गैरप्रकारांवर नजर ठेवणारं खातं, एक दिवस बंद राहिलं. जीवित आणि मालमत्तेच्या रक्षणाचा अपवाद त्यांनी १९८१ च्या जानेवारीत दिला. एका कायदेशीर मतातून राजकारण्यांच्या हाती हे हत्यार आलं. इतकं कडक की घरी पाठवलेल्या कर्मचाऱ्याने ऑफिसचा ईमेलसुद्धा उघडायचा नाही. फुकट काम करतो म्हणाला तरी चालत नाही, तोही कायद्याचा भंग.

आता मुद्द्याचं. नाटक आहे का? धमक्या नाटकीच असतात. पण नाटक करता करता खरंच बंद पडतं, आणि ते कधी पडेल हे धमकीच्या आवाजावरून कळत नाही. वरकरणी गणित 'नाक दाबलं की तोंड उघडतं' असं असतं. एक बाजू म्हणते, आमची अमुक मागणी या विधेयकात घाला, नाहीतर पैसे अडवतो. सिनेटमध्ये १०० पैकी ६० मतं लागतात, त्यामुळे अल्पमतातल्या पक्षालाही अडवता येतं. समोरचा म्हणतो, आधी सरकार चालू ठेवा, मागणीचं नंतर बोलू. दोघांना वाटतं, शेवटच्या रात्री दुसरा वाकेल. यात दाबलं जाणारं नाक दोघांपैकी कुणाचंच नसतं, म्हणून तोंड उघडायला इतके दिवस लागतात.

इतकी वर्षं बघून माझं मत असं झालंय की पक्षाचा नेता समोरच्याला किती घाबरतो ते बघण्यात अर्थ नाही, आपल्या पाठीमागच्यांना किती घाबरतो ते बघावं. ज्या वर्षी ही पाठीमागची भीती मोठी असते, त्या वर्षी बंद होतं.

केविन मॅकार्थींचं उदाहरण घ्या. २०२३ च्या ३० सप्टेंबरला, अगदी शेवटच्या दिवशी, प्रतिनिधीगृहाचे, म्हणजे खालच्या सभागृहाचे, रिपब्लिकन सभापती असलेल्या मॅकार्थींनी ४५ दिवसांची मुदतवाढ विरोधी डेमोक्रॅट्सच्या मतांवर मंजूर करून घेतली. शटडाऊन टळला. तीन दिवसांनी, ३ ऑक्टोबरला, त्यांच्याच पक्षातल्या काही जणांनी प्रस्ताव आणला आणि २१६ विरुद्ध २१० मतांनी त्यांची खुर्ची गेली. मतदानाने हटवले गेलेले अमेरिकेच्या इतिहासातले ते पहिले सभापती. सरकार वाचवणाऱ्याला मिळालेलं हे बक्षीस बाकीच्या पुढाऱ्यांनी नीट बघून ठेवलं.

दुसरं उदाहरण चक शूमर यांचं, सिनेटमधल्या डेमोक्रॅट्सचे नेते. २०२५ च्या मार्चमध्येही मुदत संपत होती. तेव्हा शूमर यांनी रिपब्लिकनांच्या विधेयकाची वाट मोकळी करायला मत दिलं. बंद पडलं तर ट्रम्प सरकारला आणखी मोकळं रान मिळेल, हा त्यांचा युक्तिवाद. मला तो तेव्हाही पटला होता. पण पक्षातून अशी आगपाखड झाली की सप्टेंबर आला तेव्हा पुन्हा तेच करायची सोयच त्यांना उरली नव्हती. आम्ही ऑफिसात ऑगस्टमध्येच बंद धरून तयारीला लागलो होतो. कुणी आतली बातमी दिली नव्हती; मार्चमध्ये ज्याचं तोंड पोळलंय तो सप्टेंबरात ताकही फुंकून पिणार, एवढाच आमचा हिशेब.

तिसरी गोष्ट त्याच शटडाऊनच्या शेवटाची. मागणी होती आरोग्यविम्याच्या वाढीव सवलती पुढे चालू ठेवण्याची. त्या २०२५ च्या डिसेंबरअखेर संपत होत्या. मुदतवाढीचं विधेयक सिनेटमध्ये १४ वेळा पडलं. शेवटी ९ नोव्हेंबरच्या रविवारी रात्री ६० विरुद्ध ४० मतांनी वाट मोकळी झाली, आणि त्या ६० मध्ये डेमोक्रॅट गटातले ८ जण होते. या आठांची नावं काढून बघा: २०२६ साली त्यांच्यापैकी एकालाही मतदारांसमोर जायचं नाही. डर्बिन आणि शाहीन तर निवृत्तच होतायत, बाकीच्यांची निवडणूक २०२८ किंवा २०३० मध्ये. ज्यांच्या पाठीमागे तलवार नव्हती तेच पुढे आले. शूमर यांनी स्वतः विरोधात मत दिलं. १२ नोव्हेंबरला ट्रम्प यांची सही झाली. ४३ दिवस, तोवरचा सर्वांत लांब. विम्याच्या सवलतीबद्दल मिळालं ते फक्त डिसेंबरात मतदान घेऊ, एवढं आश्वासन. मतदान झालं, ६० मतं पडली नाहीत, सवलत संपली.

म्हणून बातम्या बघायच्याच तर दोन-तीन गोष्टींपुरत्या बघा. टीव्हीवरचं उलट्या आकड्यांचं घड्याळ आणि 'सर्व खात्यांनी बंदच्या योजना तयार केल्या' ही बातमी, दोन्ही सोडून द्या. योजना तयार करायला सांगणं हा दर मुदतीआधीचा ठरलेला सोपस्कार आहे. तडजोड खिशात असली तरी ते पत्रक निघतं. पहिल्यांदा ते पाहून मी दोन रात्री जागले होते. आता ते आलं की फाइलला लावते.

त्यापेक्षा सभागृह गावात आहे का ते बघा. २०२५ च्या १९ सप्टेंबरला प्रतिनिधीगृहाने आपलं विधेयक मंजूर केलं आणि सभापती माइक जॉन्सन यांनी सदस्यांना घरी पाठवलं. पुढचं मतदान थेट १२ नोव्हेंबरला. 'घ्या नाहीतर सोडा' म्हणून निघून जाणाऱ्याला वाटाघाटी करायच्या नसतात. याउलट, रात्री-अपरात्री मतदानं चालू आहेत, सदस्य वैतागून विमानतळाऐवजी सभागृहात बसलेत, अशी बातमी आली की मला बरं वाटतं.

आणि मागणी अर्धी करता येण्यासारखी आहे का ते बघा. पैशाचा आकडा अर्धा होतो. तत्त्व आणि अब्रू यांचे तुकडे पडत नाहीत. २०१८ च्या डिसेंबरात ट्रम्प यांना मेक्सिकोच्या सीमेवरच्या भिंतीसाठी ५.७ अब्ज डॉलर हवे होते. आकडाच होता, तोडगा निघण्यासारखा. पण ११ डिसेंबरला कॅमेऱ्यांसमोर, शूमर आणि प्रतिनिधीगृहातल्या डेमोक्रॅट नेत्या पेलोसी समोर बसलेले असताना, सीमेसाठी सरकार बंद करण्यात मला अभिमानच वाटेल असं ते बोलून गेले. त्या क्षणी आकड्याची अब्रू झाली. परिणाम ३५ दिवस, आणि शेवटी फेब्रुवारीत कुंपणासाठी मिळाले ते १.३७५ अब्ज. १९९५ ची गोष्ट तर लग्नातल्या मानपानाची शोभावी. इस्रायलचे पंतप्रधान राबिन यांच्या अंत्यविधीहून परतताना अध्यक्षांच्या विमानात क्लिंटन बोलले नाहीत आणि मागच्या दाराने उतरवलं, म्हणून सभापती गिंग्रिच रुसले, आणि रुसल्याचं पत्रकारांना सांगूनही बसले. त्या शटडाऊनचं खरं कारण अर्थसंकल्पातली काटछाट होतं, पण लोकांच्या लक्षात राहिलं ते मागचं दार.

यातून कुणी काही शिकत का नाही? माझं उत्तर जरा कडवट आहे: मतदार विसरतात. २०१३ मध्ये ओबामांच्या आरोग्यविमा कायद्यावरून १६ दिवस बंद झाला, दोष रिपब्लिकनांना बसला, हातात काही लागलं नाही. वर्षभराने, २०१४ च्या निवडणुकीत, त्याच पक्षाने सिनेट जिंकली. २०२५ मध्ये बंद चालू असतानाच ४ नोव्हेंबरला व्हर्जिनिया आणि न्यू जर्सीत निवडणुका झाल्या आणि डेमोक्रॅट्सनी दोन्ही राज्यांची गव्हर्नरपदं जिंकली. मग घाबरायचं कशाला, असं पुढाऱ्याला वाटलं तर त्याचं तरी काय चुकलं?

बंद संपतो कसा, हे मात्र जवळपास ठरलेलं आहे. दुखणं विमानतळापर्यंत पोचलं की संपतो. विमानतळाची सुरक्षा, हवाई नियंत्रक हे 'आवश्यक' म्हणून बिनपगारी कामावर येतात. २५ जानेवारी २०१९ ला लोकांचा दुसरा पगार चुकला. त्या दिवशी व्हर्जिनियातल्या लीझबर्गच्या आणि फ्लोरिडातल्या नियंत्रण केंद्रांवर मोजके लोक आजारी म्हणून आले नाहीत, न्यूयॉर्कच्या लाग्वार्डियाला येणारी विमानं काही वेळ थांबवावी लागली, आणि त्याच दिवशी ट्रम्प यांनी माघार जाहीर केली. २०२५ च्या नोव्हेंबरात ४० मोठ्या विमानतळांवर उड्डाणं कमी करायचा आदेश निघाला. शिवाय सुमारे ४ कोटी २० लाख गरिबांचं अन्नसाहाय्य अडलं. काही दिवसांत तोडगा. नाकं दाबलेली आधीही होतीच, पण आता ती विमानाच्या रांगेत उभ्या असलेल्यांची होती.

म्हणून ३० जानेवारीबद्दल. मी हे २०२६ च्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात लिहितेय, त्यानंतर काय घडेल ते मला दिसत नाही. पण नोव्हेंबरच्या तोडग्यात एक गोष्ट झाली ती टीव्हीवर फारशी आली नाही. १२ पैकी ३ विधेयकं पूर्ण वर्षाची, म्हणजे ३० सप्टेंबर २०२६ पर्यंतची, मंजूर झाली: शेतीचं, लष्करी बांधकाम आणि माजी सैनिकांचं, आणि खुद्द संसदेच्या खर्चाचं. अन्नसाहाय्य शेतीच्या विधेयकात येतं, तेव्हा ते या वेळी सुटलं. उरलेल्या नऊंना फक्त ३० जानेवारीपर्यंतची मुदतवाढ मिळाली; त्यांपैकी काही मधल्या काळात होतील, काही अडतील. माझा अंदाज असा की सगळं ठप्प होण्यापेक्षा एखाददुसऱ्या खात्यावरून भांडण पेटून अर्धवट बंद होण्याची शक्यता जास्त. ४३ दिवसांची जखम दोघांचीही ओली आहे. पण मघाशी म्हटलं तसं, ज्याच्या पाठीमागे तलवार आहे तो जखमेकडे बघत नाही. हा अंदाज आहे, यावर घर बांधू नका.

आता तुमच्या मुलीकडे वळते. इथे सगळं 'अवलंबून आहे' असं उत्तर आहे, पण कशावर ते नेमकं सांगता येतं.

तिला पहिलं हे विचारा की तिच्या खात्याचे पैसे कुठल्या विधेयकातून येतात. खात्याच्या नावावरून हे कळत नाही. मेरीलँडचंच घ्या. बेथेस्डाला राष्ट्रीय आरोग्य संस्था, म्हणजे एनआयएच आहे आणि सिल्व्हर स्प्रिंगला औषधांना परवानगी देणारं एफडीए. दोन्ही एकाच आरोग्य मंत्रालयाखाली, मध्ये काही मैलांचं अंतर. पण एफडीएचे पैसे जुन्या प्रथेने शेतीच्या विधेयकातून येतात. म्हणजे एफडीएचं काम करणारीला सप्टेंबरपर्यंत मंजुरी आहे, एनआयएचवालीला ३० जानेवारीची धास्ती. तुम्ही खातं लिहिलेलं नाही. ती एफडीए किंवा शेतीखात्याच्या कामावर असेल तर पुढचं वाचायची घाईही नाही.

नसेल, तर दुसरा प्रश्न: कंत्राटावर आज किती पैसे पडलेले आहेत? हे बाहेरच्यांना कधीच कळत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. समजा कंत्राट ५ वर्षांचं, ५० लाख डॉलरचं आहे. सरकार ते पैसे एकदम देत नाही, हप्त्याहप्त्याने टाकतं. मागच्या वर्षीच्या मंजुरीतून टाकलेला हप्ता शिल्लक असेल, तर शटडाऊनमध्येही त्या पैशावर काम चालू शकतं, कारण ते पैसे कायद्याने आधीच बांधलेले आहेत. शिल्लक संपत आली असेल तर नवा हप्ता टाकायला सरकारी बाजूला माणूसच नसतो. तो घरी बसलेला असतो. २०२५ च्या सप्टेंबरात आमचा सगळा महिना यातच गेला: ज्या कंत्राटांत शिल्लक पातळ होती तिथे ३० तारखेच्या आत हप्ता टाकून घ्यायचा. एका ठिकाणी सही एक दिवस उशिरा पडली आणि सहा माणसं घरी बसली.

पैसे असूनही काम थांबण्याची दोन कारणं असतात. सरकारी इमारतीला कुलूप लागतं आणि काम इमारतीतच करायचं असतं. किंवा कामावर देखरेख ठेवणारा सरकारी अधिकारी घरी पाठवलेला असतो. मग काम थांबवण्याचा लेखी आदेश येतो. तेव्हा तिसरा प्रश्न: घरून काम करता येतं का आणि तिच्या कामाला रोजची सरकारी सही लागते का? कोड लिहिणारी, अहवाल तयार करणारी बहुधा निभावते. प्रयोगशाळेत उभी राहणारी अडकते.

बॅकपेबद्दल मात्र गैरसमज नको. २०१९ च्या कायद्याने बंदच्या काळातला पगार नंतर भरून मिळतो तो सरकारी कर्मचाऱ्यांना. (गेल्या ऑक्टोबरात त्यावरही सरकारने फाटे फोडून बघितले, शेवटी नोव्हेंबरच्या कायद्यात स्पष्ट लिहून घ्यावं लागलं.) कंत्राटी माणसाला तशी कुठलीही हमी नाही. २०१३ मध्ये आम्ही ज्या इमारतीत बसायचो तिथल्या कॅन्टीनच्या गल्ल्यावर एक बाई होत्या, एल साल्वादोरच्या. बंद संपल्यावर वरच्या मजल्यावरच्या साहेबांना १६ दिवसांचा पगार मिळाला. बाईंना त्याच दिवसांचे शून्य. त्यांनी मला कॉफी देताना विचारलं होतं, 'तुम्हाला मिळाले का?' मला कंपनीने दिले होते. मी हो म्हणाले आणि पुढे काय बोलावं सुचलं नाही.

तुमच्या मुलीची गोष्ट बाईंपेक्षा वेगळी आहे, आणि थोडी विचित्र प्रकारे बरी. एच-वन-बीवरच्या माणसाला काम नाही म्हणून कंपनी बिनपगारी घरी बसवू शकत नाही. ठरलेलं वेतन द्यावंच लागतं. कामाचा तुटवडा ही कंपनीची अडचण, तिची नाही. त्यामुळे काही कंपन्या अशा वेळी 'तू स्वतःहून बिनपगारी रजेचा अर्ज कर' असं गोड शब्दांत सुचवतात, कारण रजा स्वतःहून मागितली तर तो नियम लागू होत नाही. असा ईमेल आला तर तिने लगेच 'हो' लिहू नये, व्हिसाच्या वकिलाशी आधी बोलावं. कंपनीचा वकील कंपनीचा असतो, हेही तिला सांगा. उलट बाजूही सांगायला हवी: पगार देणं परवडत नसेल तर कंपनी नोकरीवरून काढू शकते, आणि मग देशात राहून दुसरी सोय बघायला जास्तीत जास्त ६० दिवस. मध्यम आणि मोठ्या कंपन्या दोन-चार आठवड्यांसाठी सहसा काढत नाहीत, कारण सुरक्षा तपासणी झालेला, कामाला लागलेला माणूस पुन्हा उभा करायला महिने जातात. दहा-पंधरा जणांची कंपनी असेल तर मला काळजी वाटेल.

आणि या काळात नोकरी बदलायचा विचार असेल तर अर्ज ३० जानेवारीच्या आत पुढे सरकवावा. व्हिसाचे अर्ज तपासणारं खातं स्वतःच्या शुल्कावर चालतं, ते बंद पडत नाही. वकिलातीही चालू राहतात. पण एच-वन-बीच्या अर्जाआधी कामगार खात्याचा एक मंजुरीचा कागद लागतो, आणि ते खातं मात्र बंद पडतं. २०२५ च्या ऑक्टोबरात जवळजवळ महिनाभर तो कागद निघतच नव्हता; महिनाअखेरीस यंत्रणा पुन्हा सुरू झाली, शटडाऊन संपायच्याही आधी. माझ्या ओळखीतल्या एका मुलाची नवी नोकरी तेवढ्यावरून हातची गेली. ग्रीन कार्डाच्या पहिल्या पायरीचंही तेच.

पैशाचं थोडक्यात. सरकार उघडल्या दिवशी कंपनीला पैसे मिळत नाहीत. बिलं तुंबलेली असतात, तपासणारे लोक ढिगाऱ्यातून वर येत असतात. २०१९ ला जानेवारीत सरकार उघडलं आणि आमचं पहिलं अडकलेलं बिल मार्चमध्ये निघालं. तेव्हा तिच्या खात्यात भाडं आणि हप्ते धरून दोन महिन्यांचा खर्च असू द्यावा. तुम्ही इथून पैसे पाठवायची घाई करू नका. तिने मागितले नसतील तर त्याने तिला आणखी अवघडल्यासारखं होईल. हा सल्ला हिशेबातला नाही, माझ्या वडिलांनी २०१३ मध्ये परस्पर पाठवले होते त्यावरून देतेय.

तेव्हा तिला फोनवर 'सरकार बंद पडणार का गं' असं विचारू नका. ती 'काही नाही हो' म्हणेल आणि तिच्याकडे खरंच उत्तर नसेल. 'तुझ्या खात्याचे पैसे कुठल्या विधेयकातले, कंत्राटावर किती दिवसांचे शिल्लक आहेत, आणि कंपनीत माणसं किती' हे विचारा. पहिल्या दोन्हींची उत्तरं तिला माहीत नसण्याची शक्यता आहे. तिच्या प्रोजेक्ट मॅनेजरला माहीत असतात, आणि या आठवड्यात विचारलेलं त्याला वावगं वाटणार नाही. ऑफिसात सगळेच विचारतायत.

३० जानेवारी शुक्रवार आहे. मुदत तिच्याकडे मध्यरात्री संपेल, म्हणजे तुमच्याकडे शनिवारी सकाळी साडेदहाला. तेव्हा टीव्हीसमोर बसलात तरी काही कळणार नाही. शनिवार-रविवारी कार्यालयं एरवीही बंदच असतात, आणि राजकारण्यांना हे माहीत असल्याने ते शुक्रवारची मुदत सैल सोडतात. कामबंदीचे आदेश निघालेच तर बहुतेक सोमवारी, २ फेब्रुवारीला निघतील. फोन करायचा तर तिच्या सोमवार संध्याकाळी करा, तुमच्या मंगळवारी पहाटे. लवकर उठावं लागेल.